दवात पाय उमटते

प्रिय मामाजी,

तुम्ही गेले तवापासून मी या वहीत फक्त आकडे लिवले. तारीख, सकाळचे सहा, पारा किती, वारा कोणीकडला, आभाळ कसं, दव आहे का नाही. तुम्ही आखून देल्ली तशीच ओळ. एकही दिवस सोडला नाही. पण आजचं काही त्या ओळीत मावत नाही, म्हणून वहीच्या मागच्या पानापासून हे लिवून राहिली. पेन सापडला नाही. तुमच्याच त्या जाड पेन्सिलीनं लिवते. अक्षर मोठं येऊन राहिलं, समजून घेजा.

 थंडी आहेच कोठं? पूस महिना लागला अन् मी बिनास्वेटरची ओसरीत बसली आहे! दुपारपासून तीनदा घरामागच्या वाडीत जाऊन बांबूवरची चिंधी पाहून आली. आता चौथ्यांदा जाते. थांबा.

आली. चिंधी लटकून आहे. दिवसभर पूर्वेकडून वारा येऊन राहिला होता, अन् आता एकदम चूप. तुम्ही म्हणत होते, वारा चूप बसला त समजाचं का थो विचार करून राहिला. काय विचार करून राहिला, मामाजी? तुमाले समजत होतं. मले अजून नाही समजत.

आई चुलीजवळून ओरडते, "पोट्टे, एका जागी बस ना वो! तू पाहून आली म्हणून काय पाणी लवकर येईन?"

बसली मी. सांगते सारं.

आज मी टपरीवर बोलली. चार लोकांसमोर नाही, दहा-बारा असन. तुम्ही असते त खुर्चीवरून पडले असते.

तुमाले आठवते, मी शाळा कशी सोडली? नववीत सरांनी मले उभं करून धडा वाचाले लावला. आवाज गळ्यातच राह्यला. पोरं हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निंगाली अन् तलावाच्या पाळीवरून वापस आली. मंग गेलीच नाही. आई रडली. बाबा नागपुरातून फोनवर ओरडले. मिस्त्रीच्या हाताखाली आपण विटा उचलतो ते काय पोरीनं घरी बसाले, असं म्हनले. तुम्ही एकटेच काही बोलले नाही. आठ दिवसांनी आंधळगावच्या बाजारातून ही वही आणली, माह्या पुढ्यात ठेवली अन् म्हनले, "बोलाचं नाही ना? नको बोलू. वाच. पारा काही विचारत नाही."

मले तवा वाटलं, तुम्ही माही गंमत करून राहिले. पण तुमची खरंच गरज होती. तलावाच्या चौकीवर एवढी वरसं पाण्याचं माप वाचलं, कागदावर लिवून भंडाऱ्याले पाठवलं, अन् रिटायर झाल्यावर डोळ्यांनीच दगा देल्ला. मोतीबिंदू पिकला नाही म्हणून डॉक्टर थांबा म्हणत होते. पाऱ्याच्या काडीवरच्या बारीक रेघा तुमाले दिसत नव्हत्या. मंग तुम्ही मले डोळे करून ठेवलं.

तेलाच्या रिकाम्या डब्याले चारही आंगानं भोकं पाडून त्यात पाऱ्याची काडी टांगली होती तुम्ही. मी विचारलं, डबा कायले? तुम्ही म्हनले, "पारा खोटं नाही बोलत. पण त्याले ऊन लागू देल्लं त तोही बोलते. त्याले सावलीत ठेवाचं." बांबूच्या टोकाले आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. बस, एवढंच आपलं ऑफिस! अन् रोज सकाळी ओसरीत चहाचा कप घेऊन तुमचा एकच सवाल, "काय मॅडम, आज किती?"

मॅडम! शाळेतून पळून आलेल्या पोट्टीले मॅडम! मी मनातल्या मनात हसत होती. पण आवडत होतं.

आता जे लिवाचं आहे ते लिवते. हेच लिवाले बसली अन् इकडचं तिकडचंच सांगत गेली.

मागच्या साली याच दिवसांत भलती थंडी होती. पहिल्या दिवशी मी सहाले उठली, वाडीत गेली, पाह्यलं, नऊ होता. बोटं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी गोधडीतून पाय बाहेर काढवला नाही. वाटलं, एका दिवसानं काय होते? पडल्या पडल्या वही ओढली अन् लिवलं, दहा. तुम्ही विचारलं, "काय मॅडम, आज किती?" मी म्हनलं, "दहा." तुम्ही मान हलवली. एवढं सोपं होतं, मामाजी! म्हणून तिसऱ्या दिवशीही नाही उठली. पण रोज दहाच लिवला त तुमाले शक येईन, म्हणून बारा लिवला. मंग तेरा. मंग पंधरा. मले वाटलं, आकडा हलता पाहिजे. हलता असला का खरा दिसते.

मले काय माहीत, पूसाच्या थंडीत सकाळचा पारा असा पायरी-पायरीनं चढला का तुम्ही त्याचा काय अर्थ लावता? म्हणजे माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतं. पण गोधडीत ते आठवलंच नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही दुलई पांघरून ओसरीत आले. दात वाजून राहिले होते. म्हनले, "पंधरा म्हणतेस? मले त हाडात थंडी भरून राहिली." मी पायाच्या आंगठ्याकडे पाहत म्हनलं, "पंधराच आहे."  तुम्ही आईले म्हनले, "बाई, माह्या कपाळाले हात लाव बरं. ताप त नाही मले?"

आपल्या हाडावर भरोसा नाही ठेवला तुम्ही, माह्यावर ठेवला. काहून? मले एक थापड काहून नाही मारली? म्हणाचं ना, चल, दाखव, मी येतो संग!

त्याच दिवशी दुपारी पातळ ढग आले. बस, तुमचा हिशेब पुरा झाला. थंडी मोडली, पारा चढला, आभाळ भरलं, दोन दिवसांत पाणी. तुम्ही काठी घेऊन टपरीवर गेले अन् सगळ्याईले सांगतलं, कापून वाळत घातलेला धानाचा कडपा उचला. डोमाजी काकाचा कडपा त वावरातल्या बांधीत एकच दिवस वाळला होता. काडी ओली, दाणा हिरवा. थो घुटमळला. तुम्ही म्हनले, "भिजल्यापेक्षा बरं, डोमा. बांध भारे." तुमच्या शब्दावर त्यानं भारे बांधले, भाऱ्यांचा पुंजणा रचला, वरून ताडपत्री टाकली.

अन् पाणी आलाच नाही. ढग कोठं गेले कोण जाणे. लख्ख ऊन. मी मात्र अजूनही गोधडीतूनच आकडे लिवत होती. अन् ताडपत्रीखाली ओला धान तापला. आठ दिवसांनी पुंजणा फोडला त आतून वाफ निंगाली. आंबूस वास साऱ्या खळ्यावर. दाणा पिवळा पडला होता.

त्या दिवशी मी टपरीवर साखरेची पुडी घ्याले उभी होती. तुम्ही बाकावर होते. डोमाजी काका आला अन् सगळ्यांसमोर म्हनला, "काय गा तुळशीराम, तुहा पाणी कोणच्या गाडीनं येऊन राहिला? पॅसेंजर हाय का? तुमसरले क्रॉसिंगवर थांबला असन!"

सारी टपरी हसली. कोणी म्हनलं, "ढगवाला बुढा." ते नावच पडलं मंग. लहान पोट्टे तुमच्या मागं मागं ओरडत होते, "ढगवाला, ढगवाला, पाणी केव्हा?"

तुम्ही काय म्हनले आठवते? "चुकलं माहं, डोमा." एवढंच. चष्मा काढून धोतराले पुसला, उठले, चालले गेले.

मी चार हातांवर उभी होती. "मी चुकली" एवढेच दोन शब्द होते. गळ्यात अडकले. शाळेत अडकले होते तसेच.

दुसऱ्या दिवसापासून मी सहाच्या आधीच उठते. देवाशपथ, तवापासून एकही आकडा खोटा नाही. पण तुम्ही मंग गावाले कधी काही सांगतलं नाही. उन्हाळ्यात गारा आल्या, तुमाले आदल्या दिवशी समजलं होतं, तुम्ही आईले फक्त वाळवण आत घे म्हनलं. टपरीवर गेले नाही. मी पाहत होती सारं.

आजूबाजूचे म्हणते, मोबाईलमध्ये समजते सारं, बुढ्याच्या बांबूची काय गरज? समजत असन. पण मोबाईल भंडाऱ्याले जे सांगते तेच नाकाडोंगरीलेही सांगते, अन् तेच आपल्या बांधीले. तिकडे डोंगर, जंगल, इकडे तलाव. आज सकाळीही सगळ्याईचे मोबाईल म्हणत होते, थोडे ढग. थोडे!

पुन्हा उठून आली. तलावाच्या आंगाले आभाळ काळं नाही, शिश्यासारखं दिसते. बगळे वेळेआधीच झाडावर येऊन बसले. आईनं दोन वेळा सांडशी खाली पाडली. तिलेही चैन नाही, पण म्हणत नाही.

या आठवड्याचं सांगते. सोमवारी नऊ होता. मंगळवारी अकरा. काल चौदा. आज सतरा! मी डोळे चोळून पाह्यलं. डब्यावर हात ठेवून पाह्यला, कोठून गरम त नाही होऊन राहिला? मले आकड्याचाच भेव वाटला, मामाजी. अगदी तसेच चढून राहिले होते जसे मी मागच्या साली गोधडीत पडून लिवले होते! फरक एवढाच का हे खरे होते. मले वाटलं, कोणीतरी माही परीक्षा पाहून राहिलं.

चिंधी पश्चिमेकडे फडफडत होती, म्हणजे वारा पूर्वेचा. घराघरांतला धूर वर जात नव्हता, कौलांवरच लोळत होता. अन् गवत कोरडं. दव नाहीच! तुमची गोष्ट आठवली, दव नाही म्हणजे रातभर आभाळानं पांघरूण घेतलं होतं. मी ओळीत लिवलं, "दव नाही." अन् घराकडे येताना सहज मागं वळून पाह्यलं.

रोज गवतात माह्या पायाची वाट दिसते. ओसरीपासून बांबूपर्यंत, हिरवी-हिरवी, बाकी सारं गवत पांढरं. आज ती वाट नव्हती. दव नाही त पाय कसे उमटतील?

मी तिथंच उभी राहिली.

होळीच्या आधी एक दिवस तुम्ही वाडीत उकिडवे बसून होते. गवतावरून हात फिरवत होते. मले म्हनले, "दवात पाय उमटते, मॅडम. तिकून कोणी गेलं का नाही गेलं, सकाळचं गवत सांगून देते. त्याले डोळे नाही लागत. हात लावला तरी समजते." मले वाटलं, रानडुकरांचं सांगून राहिले. तवा वाडीतल्या भाज्या डुकरं खाऊन जात होते ना. मी म्हनलं, "कुंपण करू मामाजी." तुम्ही हसले. म्हनले, "करू."

डुकरांचं नव्हतंच ते! हो ना? मागच्या साली त्या चार सकाळी थंडी होती, आभाळ मोकळं होतं, दव मणामणानं पडलं असन. अन् तुम्ही पाचव्या दिवशी थंडीनं कुडकुडत, माह्या पंधरावर भरोसा ठेवून, टपरीवर जाऊन आले. मंग पाणी काहून नाही आला म्हणून, पुंजणा फोडला त्या सकाळी, वाडीत गेले असान. गवताले हात लावला असन. सारं गवत ओलं. वाट नाहीच. त्या दिवशी तुमाले समजलं का मी येतच नव्हती. टपरीवर डोमाजी काका बोलला तवा तुमाले माहीत होतं. तरी "चुकलं माहं" म्हनलं. मी चार हातांवर उभी होती, अन् तुम्ही माह्याकडे पाह्यलं सुद्धा नाही. पाह्यलं असतं त सगळ्याईनं पाह्यलं असतं, म्हणून नाही पाह्यलं?

मी गवतात बसून रडली. आई धावत आली. तिले वाटलं साप चावला.

भादव्यात तुमची छाती दुखली अन् भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, त्यातली एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाही. आई चहा आणाले खाली गेली होती. पलंगापाशी आपण दोघंच. तुम्ही विचारलं, "हे खिडकी कोणीकडे उघडते?" मी म्हनलं, "पूर्वेकडे." "मंग बरं हाय," म्हनले. मी बोलाले घेतलं, "मामाजी, मागच्या थंडीत..." अन् अडकली. तुम्ही डोळे मिटूनच म्हनले, "राहू दे. आज किती होता?" मी निंगताना पाहून आली होती. म्हनलं, "चोवीस." तुम्ही मान हलवली.

तो शेवटचा आकडा. खरा होता, मामाजी. तुमाले समजलं असन का खरा होता?

आज सकाळी आईले सारं सांगतलं, पारा, वारा, धूर, कडप्यातली वाकणारी काडी. आपल्या बांधीतला कडपा उचलू म्हनलं. ती लगेच निंगाली, इळा-दोर घेऊन. पण मी म्हनलं, टपरीवरही सांगते, त आईनं हात धरला. "आपला तेवढा उचलू. लोकाईच्या भानगडीत नको पडू. तुह्या मामाचं काय केलं त्याईनं, पाह्यलं ना?" मी म्हनलं, "त्याईनं नाही केलं, आई. मी केलं." अन् तिले गोधडीचं सांगतलं. तिनं दोर खांद्यावर टाकला अन् बांधीकडे चालू लागली. दहा पावलांवर थांबली, मागं न पाहता म्हनली, "जा. पण लवकर ये, एकटीनं भारे बांधून नाही होत."

मी वही घेऊन टपरीवर गेली.

टपरीवाल्या इंदू काकूनं मले पाहून पुडीच बांधाले घेतली. "साखर ना वो?" मी मान हलवली, नाही म्हणून. बाकावर डोमाजी काका बशीत चहा ओतून पेऊन राहिला होता. मी म्हनलं, "डोमा काका." आवाज एवढासा. कोणाले ऐकूच नाही गेला. दुसऱ्या वेळी जोर लावला त एवढ्या जोरानं निंगाला का समोरचं कुत्रं उठून पळालं.

"अरे बापा!" डोमाजी काका म्हनला, "हे पोट्टी बोलते?"

"पाणी येऊन राहिला. कडपा उचला."

सारे जे हसले! डोमाजी काका म्हनला, "काय वो, मामाची गादी चालवून राहिली का तू? त्याची पॅसेंजर अजून पोचली नाही, अन् तू दुसरी गाडी सोडून राहिली?"

मले पुन्हा तेच आठवलं. शाळेतलं. मी वहीकडे पाह्यलं. वहीकडे पाहूनच बोलली, धडा वाचल्यासारखी. "मागच्या साली मामाजी नाही चुकले. मी चुकली. हे आकडे खोटे आहे. मी उठलीच नव्हती, गोधडीत पडून लिवले. त्याईले दिसत नव्हतं. त्याईनं माह्यावर भरोसा ठेवला."

इंदू काकूच्या हातातली गाळणी तशीच राह्यली.

डोमाजी काकानं बशी खाली ठेवली. "म्हणजे माहा धान तुन तापवला?"

"हाव."

"अन् मी सालभर त्या बुढ्याले..."  मंग एकदम उसळला, "थो जित्ता होता तवा काहून नाही सांगतलं? आता कोणाले सांगून राहिली?"

मी वहीतलं ते पान त्याच्यापुढं केलं, मामाजी. 

"मंग आज तुह्यावर भरोसा काहून ठेवाचा?" मागून कोणीतरी म्हनलं.

"नका ठेवू. बांधीत जा अन् कडप्यातली एक काडी मोडून पाहा. परवा कटकन मोडत होती. आज वाकते. मी नाही म्हणत, काडी म्हणते."

तवा इंदू काकू बरणीचं झाकण काढून म्हनली, "अन् माहे टोस्ट सकाळपासून लिबलिबे होऊन राहिले. थे पण खोटं बोलते का गा?" तिनं एक टोस्ट डोमाजी काकाच्या हातात देल्ला. त्यानं मोडून पाह्यला. वाकला, पण तुटला नाही! कोणी हसलं नाही.

मी तिथून पळालीच. पाठीमागं कोण काय म्हनलं, ऐकलं नाही.

आई अन् मी भारे बांधत होतो, दुपार झाली. एक-एक भारा डोक्यावर घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून आणला, उंचावर पुंजणा रचला. या वेळी धान पाच दिवस वाळला होता, तापाचा भेव नाही. मान आखडली, धानाचं कूस टोचून टोचून हात लाल झाले. मंग पाह्यलं त पलीकडच्या बांधीत डोमाजी काका, त्याची बायको, दोन्ही सुना, सारे वाकून! त्याच्या पलीकडेही माणसं दिसली. पण सारे नाही. तलावाखालच्या बांध्या अजून तशाच पसरून आहे. त्याईनं मोबाईल पाह्यला असन.

आपली ताडपत्री फाटकी. आई तिले गाठी मारत होती, त डोमाजी काका धुऱ्यावर आला. खांद्यावर आपली दुसरी ताडपत्री. खाली टाकली. माह्याकडे न पाहता म्हनला, "पाणी नाही आला त उद्यापासून माह्या म्हशी तू धूशील, समजली?"

मी म्हनलं, "हाव काका."

थो जाता जाता थांबला. "तुळशीरामाचं नाव तुन खराब केलं." मंग तंबाखू मळत राह्यला. लय वेळ मळत राह्यला. "मी पण केलं," म्हनला अन् गेला.

आता सांजवेळ झाली, मामाजी. आई दिवा लावून राहिली. मी सहाव्यांदा जाऊन आली. चिंधी अजून लटकूनच आहे.

मले समजत नाही मी काय मागू. पाणी आला त तलावाखालच्या लोकाईचा धान भिजते. त्याईनं मले काय केलं? नाही आला त तुम्ही पुन्हा ढगवाले, अन् मी ढगवाली. मनात म्हणते, येऊ नको. मंग मनातच म्हणते, ये ना रे बापा, एकदा ये, माह्या मामाजीसाठी ये. अन् मंग माहीच मले लाज वाटते. तुम्ही कधीच असं मागत नव्हते. तुम्ही फक्त विचारत होते, आज किती?

म्हणून मीही मागणं सोडलं. निदान सोडून पाहते. पाय काही ऐकत नाही, पुन्हा वाडीत जाईनच.

एक रागही आहे तुमच्यावर. तुमाले माहीत होतं त सांगाचं ना! राग कराचा होता. गवत दाखवून म्हणाचं होतं, हे पाय कोठं गेले? मी रडली असती, अन् मोकळी झाली असती. तुम्ही मले वाचवलं अन् मी सालभर जड होऊन फिरली. का तुम्ही माही वाट पाहत होते? मी आपल्या तोंडानं सांगन म्हणून? भलतीच लांब वाट पाह्यली तुम्ही, मामाजी. अन् मी पोचली तवा तुम्ही नव्हते.

मागच्या सालचे ते सारे खोटे आकडे मी आज खोडले नाही. खोडले त ते दिसणारच नाही. त्याईच्या बाजूले लिवलं, "उठली नव्हती." खाली माहं नाव टाकलं. आता हे वही कोणीही पाहो, डोमाजी काका पाहो, बाबा पाहो.

आता एक शब्द देते तुमाले. उद्या सकाळी सहाले मी वाडीत असन. रात कशीही जावो, पाणी येवो का न येवो, गाव शाबास म्हणो का म्हशी धुवाले लावो. काडीवर जेवढा दिसन तेवढाच लिवीन. कवा उठणं झालंच नाही त ती ओळ कोरी ठेवीन, भरून नाही काढणार. अन् जे दिसन ते टपरीवर सांगीन, आवाज निंगाला तसा. तुमाले खात्री कराची असन त गवताकडे पाहजा. पाणी आला त चिखलात, नाही आला त दवात, पाय उमटलेले दिसतील.

तुमची मॅडम,
आचल